मीठ घातलेला बर्फ

हिरकणी माझी धाकटी जाऊ. तिचं वाईट व्हावं असं मला रोज वाटायचं आणि ते मी कधी कुणापासून लपवलंही नाही. धाकट्या डहाणू गावात कुणालाही विचारा. आमची घरं एकाच भिंतीची. माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या भावाने, म्हणजे दौलतने, बापाचं घर मधोमध तोडलं तेव्हा भिंत एका विटेची बांधली, कारण दोघांनाही दुसऱ्यासाठी जास्त वीट खर्चायची नव्हती. त्यामुळे पलीकडे कुणी शिंकलं तरी मला कळतं. माझा नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणजे माझ्या बाजूला आवाज कमी आणि कान मोकळे.

वैर कशाचं ते आधी सांगून टाकते. डहाणूच्या बाजारात आमच्या घराचा मासे विकायचा ओटा आहे. तो पुरुषांच्या नावावर चालत नाही. सासूकडून सुनेकडे जातो. सासू थकली तेव्हा थोरली सून मी होते, पण सासूने ओटा हिरकणीला दिला. तिचं म्हणणं सरळ होतं. ओटा पुढे कुणाला द्यायचा तर सुनेला, आणि सून येणार तिलाच जिला मुलगा आहे. हिरकणीच्या पदरात तेव्हा जतीन होता. माझ्या पदरात काही नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यावर टोपली आली. मी ती टोपली घेऊन आत सायवनपर्यंत गेले, तलासरीच्या बाजाराला गेले, उन्हातान्हात दारोदार ‘म्हावरं घ्या’ म्हणून ओरडले. हिरकणी सावलीत बसून गिऱ्हाइकांशी हसायची. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. अगदीच निरोप द्यायची वेळ आली तर मी माझ्या कोंबड्यांना सांगायचे, मोठ्याने.

तिचा हात मात्र चांगला होता, हे वैरीण असूनही सांगते. बर्फात कोपरापर्यंत हात घालून, तोंडाने भलत्याशीच भांडत, ती हवं ते पापलेट वर काढायची. कल्ल्याखाली बोट लावलं की शिळं कुठलं, ताजं कुठलं ते तिला डोळ्यांआधी कळायचं. बाजारातल्या बायका तिला घाबरायच्या आणि तिच्याकडूनच शिकायच्याही.

तिचा जतीन उंबरगावच्या कंपनीत लागला आणि तिथून उधव्याची रिया घेऊन आला. हिरकणीला सून हवी होती ती किनाऱ्यावरची, होडीच्या वासात वाढलेली. ही आली आतल्या गावातली, अर्धं बोलणं गुजरातीत, बोंबील हातात धरायलाही कचरणारी. हिरकणीने पहिल्या दिवसापासून तिला धारेवर धरलं. एकदा रियाने वापीला पाठवायच्या खोक्यात बर्फ भरला आणि वर जाडं मीठ टाकायचं विसरली. आमच्याकडे बर्फात मीठ घालतातच. मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो आणि माल लांबपर्यंत कडक राहतो. तो माल वाटेत मऊ पडला आणि व्यापाऱ्याने परत पाठवला. हिरकणीने ते खोकं भर गल्लीत ओतलं आणि रियाला एकेक मासा वेचायला लावला. मी दारात उभी राहून बघत होते. रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. त्यानंतर तिने मीठ घालणं कधीच चुकवलं नाही.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात हिरकणी वाळत चालली. शौचाला रक्त जात होतं आणि तिने ते महिनोन् महिने मूळव्याध म्हणून दडवलं. दिवाळीनंतर मुंबईला नेलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून गाठ काढली. मी भेटायला गेले नाही. दौलतच्या हाती नारळपाणी मात्र पाठवलं. माझ्याकडून आलंय हे सांगू नका, असं त्याला बजावलं होतं. त्याने सांगितलं असणार, कारण शहाळी जशीच्या तशी परत आली.

ती घरी आल्यावर एका रविवारी डॉक्टरीण आली. कविता सावे तिचं नाव, घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांची मुलगी. मुंबईच्या इस्पितळात संशोधन करायची आणि आईकडे आली की इकडच्या रुग्णांना भेटून जायची. मी माझ्या अंगणात बोंबील उलटायला बसले. खरं म्हणजे ते वाळून गेले होते.

‘मावशी, तुमची गाठ मधल्या टप्प्यावर सापडली,’ डॉक्टरीण सांगत होती. ‘आजूबाजूच्या लसिका ग्रंथी स्वच्छ निघाल्या, रोग तिथे पसरलेला नाही. अशा बऱ्याच लोकांना पुन्हा काही होत नाही. थोड्यांना होतं. ते थोडे कोण, हे आम्हाला बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून मग भीतीपोटी ज्याला गरज नाही त्यालाही केमो दिली जाते.’

‘मग तुम्ही शिकलात काय एवढी वर्षं?’ हिरकणी म्हणाली.

डॉक्टरीण शांत बाई होती. तिने सांगितलं की आपल्या पेशींच्या आत मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारीक रेणू असतात. कुठलं काम चालू ठेवायचं, कुठलं दाबायचं, हे ते ठरवतात. कॅन्सर असला की त्यातले काही रक्तात जास्त सापडतात. गाठ काढल्यावरही ते जास्तच राहिले, तर रोग परतायची भीती जास्त. कमी झाले तर भीती कमी. तेच मोजायचा अभ्यास त्यांच्याकडे चालला होता आणि त्यासाठी तिला हिरकणीचं रक्त हवं होतं.

‘आणि केमो घेतली तर काय व्हतं?’

‘हातापायांना मुंग्या येतात. थंड वस्तूला हात लागला की शॉक बसल्यासारखं होतं. नंतर बोटं बधिर होतात. पुष्कळांची सुधारतात. काहींची तशीच राहतात.’

मी बोंबील उलटायची थांबले.

‘मी बर्फात हात घालून जगते, बाय,’ हिरकणी म्हणाली. ‘बर्फाला हात लागला नाय तर मी विकू काय? तुझ्या बापाचे चिकू?’

दौलत तिला गप्प बस म्हणाला. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने डॉक्टरणीकडून एकेक गोष्ट वदवून घेतली. रक्तात कमी निघालं तर केमो नको, नुसती तपासणी करत राहू. जास्त निघालं तर घ्या. ‘पण मावशी, हे अजून अभ्यासातलं आहे, शंभर टक्के नाही,’ असंही डॉक्टरीण म्हणाली. हे शेवटचं वाक्य त्या घरात कुणी ऐकलंच नाही.

‘रक्त सांगंल ते करीन,’ हिरकणीने जाहीर केलं. ‘मग कुणी मधी बोलायचं नाय.’

रक्त द्यायला मुंबईला जायला मात्र तिने साफ नकार दिला. टाके ओढत होते. मग असं ठरलं की डहाणूतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं, तिथल्या तिथे यंत्रात फिरवून त्यातलं वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि तेवढं मुंबईला पोचवायचं. नेमकी त्या दिवशी डहाणूत लाइट नव्हती. यंत्र बंद. लॅबवाल्याने मुंबईला फोन लावला आणि मग रक्ताची नळी तशीच जतीनच्या हातात दिली. गार ठेवा, पण गोठू देऊ नका, उद्या पहिल्या गाडीने घेऊन जा, असं सांगितलं. जतीनने घरी येऊन रियाला सांगितलं, ‘थर्माकोलच्या डब्यात ठेव. नुसता बर्फ घाल.’ आणि तो चहा प्यायला बाहेर गेला.

संध्याकाळ होती. मी भिंतीच्या अलीकडे भाकऱ्या थापत होते. पलीकडे मागच्या पडवीत रिया बर्फाची लादी फोडत होती. तो आवाज आमच्याकडे घरातलं मांजरसुद्धा ओळखतं. हिरकणी आत खाटेवर पडली होती, तिथून ती ओरडली.

‘मीठ घातलंस?’

‘आई, हे रक्ताचं हाय. नुसता बर्फ घाल, असं जतीन बोलला.’

‘जतीन बोलला! जतीनने कवा बाजार केलाय? मीठ नाय तर मुंबईपर्यंत पाणी व्हईल त्याचं. रक्त काय नि पापलेट काय, नासायचं ते नासतंच. घाल मूठभर!’

‘पण आई...’

‘माझं रक्त हाय, तुझ्या बापाचं नाय. घाल सांगते तर!’

आणि त्यापुढे ती आणखी एक वाक्य बोलली. ते बोलली रियाला, पण होतं माझ्यावर. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पुढच्या दारात जाऊन उभी राहिले. भाकरी जळाली.

मिठाचं म्हणाल तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी असते तर न सांगता घातलं असतं. मीठ घातलेल्या बर्फात रक्त गोठून दगड होतं आणि पुन्हा वितळल्यावर त्याचं भलतंच काही होतं, हे आम्हाला कुठून माहीत असणार? आम्ही जन्मभर मेलेलं तेवढं टिकवलं.

पंधरा-वीस दिवसांनी फोन आला. जास्त निघालं होतं. भीती मोठी, केमो घ्या. जतीन रडायला लागला, दौलत भिंतीला टेकून बसला. हिरकणी फक्त ‘बरं’ म्हणाली. मग थोड्या वेळाने रियावर ओरडली, कालवणात पाणी जास्त झालं म्हणून.

दर तीन आठवड्यांनी मुंबईला जायचं, सलाईन घ्यायची, मधल्या दिवसांत गोळ्या. अशा आठ खेपा ठरल्या. पहिल्या खेपेनंतर ती हातमोजे घालून ओट्यावर येऊन बसली. कुणाचं ऐकणार? मी टोपलीसाठी माल घ्यायला बाजारात होते. कुणी तरी गिऱ्हाईक म्हणालं, ‘हिरकणीबाय, ते मोठं दाखवा.’ मोज्यात मासा नीट हाताला लागेना, म्हणून तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि सवयीने हात बर्फात घातला. ती अशी किंचाळली की सगळा बाजार थांबला. पापलेट चिखलात पडलं. ती हात छातीशी धरून वाकली आणि तोंडाने शिव्या देत राहिली, बर्फाला, गिऱ्हाइकाला, डॉक्टरणीला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं ज्या ओट्याने मला उन्हात फिरवलं, त्या ओट्यावर तिला बसवेना, हे मी डोळे भरून पाहिलं. वरून शेजारणीला म्हटलं, ‘देवाला डोळे आहेत.’

तिसऱ्या खेपेनंतर शॉक बसायचे ते वेगळे, वर बोटं सुन्न व्हायला लागली. सुरमईचे तुकडे करता करता तिने आपलं बोट कापलं आणि तिला कळलंच नाही. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा तिने खाली पाहिलं. त्या दिवशी दौलतने सुरी तिच्या हातून काढून घेतली आणि रियाला ओट्यावर बसवलं. रिया गुजराती गिऱ्हाइकांशी गुजरातीत बोलायची, दर गोडीने सांगायची, आणि माल दुपारच्या आत संपायचा. त्याचाच हिरकणीला जास्त राग. ती घरात बसून भिंतीकडे तोंड करून बडबडायची. ‘माझ्या मरणाची वाट बघतेय. ओटा पायजे तिला.’ भिंतीकडे तोंड म्हणजे माझ्याकडेच की! मी कोंबड्यांना म्हणायचे, ‘ओटा कुणाच्या बापाचा नसतो गो.’

चौथी खेप झाली. एप्रिलमध्ये, महालक्ष्मीच्या यात्रेच्या आसपास, डॉक्टरीण पुन्हा आली. या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. दौलतने मलाही बोलावलं. ‘वहिनी, तुम्ही या, काहीतरी गंभीर हाय.’ मी गेले. बघायलाच गेले. त्या घरात मी सासू वारली तेव्हा गेले होते, त्यानंतर तेव्हाच.

डॉक्टरीण बसलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘बाहेरगावाहून आलेले नमुने आम्ही पुन्हा तपासले. तुमच्या रक्तातलं पिवळं पाणी गुलाबी झालं होतं. याचा अर्थ तांबड्या पेशी फुटल्या होत्या. आम्ही जे मोजतो ते त्या पेशींच्या पोटातही भरपूर असतं. पेशी फुटल्या, ते सगळं पाण्यात आलं, आणि आकडा वाढला. आम्हाला वाटलं, कॅन्सरमुळे वाढला. आमच्या माणसाने गुलाबी रंग पाहिला होता. तरी तो नमुना पुढे गेला. चूक आमची आहे.’

‘म्हणजे?’ जतीनने विचारलं.

‘म्हणजे तो निकाल धरता येणार नाही. जास्त होतं की कमी, आम्हाला माहीत नाही.’

मग डॉक्टरणीने विचारलं की रक्त कसं आणलं होतं, बर्फात आणखी काही होतं का, कारण ते गोठून फुटल्यासारखं दिसतंय.

‘मीठ,’ रिया म्हणाली. लपवलं नाही. ‘बर्फात मीठ होतं.’

हिरकणी खाटेवरून उठली. तिला उठताना आधार लागायचा, त्या वेळी लागला नाही.

‘तू घातलंस! नुसता बर्फ घाल म्हणून जतीनने सांगितलं व्हतं नं? मंग का घातलंस? ओटा पायजे म्हणून! माझे हात जावेत म्हणून!’ ती डॉक्टरणीकडे वळली. ‘बघ बाय, हीच ती. माझ्या घरात राहून हिने माझं रक्त नासवलं.’

‘आई, तुम्हीच बोललात...’ रिया म्हणाली.

‘मी? मी माझ्या रक्तात मीठ घालायला सांगीन? खोटारडी! महालक्ष्मीची आण घे!’

हिरकणी खोटं बोलत नव्हती, हे मला आजही वाटतं. तिला खरंच आठवत नव्हतं. दिवसातून पन्नास वेळा जे ओरडायचं ते कुणाच्या लक्षात राहतं? पण जतीनने बायकोकडे पाहिलं ते मी पाहिलं. तो नजरेनेच दूर झाला होता. दौलत खाली मान घालून म्हणाला, ‘पोरी, तू थोडे दिवस उधव्याला जा.’ थोडे दिवस म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं. डॉक्टरीण मध्ये पडली, ‘अहो, चूक आमची आहे, हिची नाही,’ पण परक्या बाईचं कोण ऐकतंय? रियाने आण घेतली नाही, पाया पडली नाही. आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

मी आले होते तमाशा बघायला. तो पुरेपूर मिळाला होता. हिरकणीचे हात गेले, सून चालली, ओटा रिकामा पडणार. इतकं तर मी देवाकडेही मागितलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘तूच सांगितलंस.’

हिरकणीने चमकून पाहिलं. किती वर्षांनी तिच्याशी सरळ बोलले होते.

‘तूच ओरडलीस. मी भाकऱ्या थापत होते. ही म्हणाली नुसता बर्फ, आणि तू म्हणालीस, रक्त काय नि पापलेट काय, घाल मूठभर.’

‘तू बोलणारच तसं,’ हिरकणी म्हणाली. ‘माझं चांगलं तुला कवा बघवलं? उद्या बोलशील, मीच बर्फ गिळला.’

आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच दिसत होतं. जतीन म्हणाला, ‘मोठी आई, आता हे भांडण नको.’ बरोबर होतं त्याचं. मी हिरकणीबद्दल इतकी वर्षं इतकं वाईट बोलले होते की आता खरं बोलले तर ते त्यातच जमा झालं.

रिया पिशवी घेऊन बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, सगळ्यांचाच आला.

‘पुढचंही सांगते,’ मी म्हटलं. ‘ही म्हणाली, पण आई. तू म्हणालीस, माझं रक्त हाय, तुझ्या बापाचं नाय. आणि मग तू म्हणालीस...’ मी पुन्हा सुरुवात केली. ‘तू म्हणालीस, शिक नीट, नाय तर त्या वांझेसारखी रिकाम्या पोटाने नि भरल्या टोपलीने दारोदार फिरशील, नि मेलीस तर पाणी पाजायला कुत्रं येणार नाय.’

त्या शब्दाला मी जन्मभर टाळलं होतं. कुणी माझ्यासमोर उच्चारला नव्हता आणि मीही कधी उच्चारला नव्हता. आता परक्या डॉक्टरणीसमोर, दिरासमोर, ज्या पोराला मी मांडीवर खेळवलं त्याच्यासमोर, माझ्याच तोंडाने बोलले. हे कुणी स्वतःवर रचून बोलत नाही. दौलतने तोंड फिरवलं. जतीनने पुढे होऊन रियाच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली ठेवली.

हिरकणी खाटेवर बसली. तिला आठवलं होतं. तोंडावरून कळत होतं. माफी वगैरे मागायची तिची रीत नाही आणि मला ती नकोही होती.

मग ती डॉक्टरणीला म्हणाली, ‘पुन्हा रक्त काढ. आता नीट ने. मीठबीठ कुणी घालणार नाय.’

डॉक्टरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘काढू शकते मावशी. पण आता केमो आत गेली आहे. आताचं रक्त तेव्हाचं सांगणार नाही. ऑपरेशननंतर, औषधाच्या आधी, तेव्हाच ते बघायचं होतं. ती वेळ गेली.’

‘म्हणजे मला ही केमो लागत व्हती की नव्हती?’

‘ते आता कधीच कळणार नाही.’

हिरकणीने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. काळे पडले होते, सालं निघत होती. ‘नि उरलेल्या चार?’

‘मोठ्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. थांबवता येईल, औषध कमी करता येईल. पण तुम्हाला काय हवंय तेही महत्त्वाचं.’

जतीन म्हणाला, घे. दौलत म्हणाला, तुला झेपेल तसं. हिरकणीने सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

‘मोठी, तू असतीस तर काय केलं असतंस?’

‘बंद केलं असतं,’ मी म्हटलं. ‘हात राखले असते. पण माझं ऐकू नको. मी तुझं कधी चांगलं चिंतलेलं नाही.’

‘ठाऊक हाय,’ ती म्हणाली.

ठरलेल्या सोमवारी ती मुंबईला गेली आणि पाचवी सलाईन घेऊन आली. मोठ्या डॉक्टरांनी थांबायचं असेल तर थांबा असं सांगितलं होतं, हिनेच द्या म्हणून हट्ट धरला. सहावी घेतली, सातवी घेतली, आठवीही घेतली. मी बंद कर म्हटलं म्हणूनच तिने चालू ठेवलं, याबद्दल गल्लीत कुणाला शंका नाही. मलाही नाही. मी ‘घे’ म्हटलं असतं तर तिचे हात वाचले असते का, हा विचार मी कामात असले की येत नाही, पण हात रिकामे झाले की येतो. आणि मी खरं ते सांगितलं होतं की तिला बुडवायला सांगितलं होतं, तेही आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ते सगळं संपून वर्ष झालं. स्कॅन स्वच्छ आहे. केमोने स्वच्छ आहे की आधीच स्वच्छ होतं, ते डॉक्टरीणही सांगत नाही. ओटा रियाचा झाला. हिरकणीच्या बोटांना गार कळत नाही, गरम कळत नाही, नाणं कळत नाही. शिव्या मात्र शाबूत आहेत. वाटेने जाणाऱ्याला दारातून ऐकवते.

परवा सकाळी दौलत होडीवर होता, जतीन कंपनीत, रिया केव्हाच बाजारात गेली होती. माझं दार ढकलून हिरकणी आत आली. अंगावर पातळ कसंबसं गुंडाळलेलं, ब्लाउज उघडा, दोन्ही हातांनी समोर धरलेला. दवाखान्यात तपासणीला जायचं होतं, रिक्षा बाहेर उभी होती. हुका तिच्या बोटांना सापडत नव्हत्या. किती वेळ झटली असेल कोण जाणे, मानेवर घाम आला होता. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि छाती माझ्यापुढे केली. पोटावरचा ऑपरेशनचा वण मी पहिल्यांदाच पाहिला.

मी हात पुसले आणि खालून हुका लावायला घेतल्या.

‘घट्ट लावू नको,’ ती म्हणाली.

मी घट्टच लावल्या.